रंगारीसाहेब आणि थंड हवेची गाडी

श्री. डोमाजी रंगारी यांची नि माझी पहिली भेट हात धुण्यावरून झाली. भिलाईचा पोलाद कारखाना तेव्हा उभा राहत होता. एका ठेकेदार कंपनीच्या गॅरेजात मी स्टोअरबाबू म्हणून नुकताच लागलो होतो आणि नव्या बेअरिंगचं खोकं उघडत होतो. खाकी शर्टातले एक सडपातळ गृहस्थ समोर आले, माझ्या हातांकडे पाहिलं आणि म्हणाले, "बाबू, पह्यले हात धुवा." ते आमच्या गॅरेजचे चार्जमन, म्हणजे दुरुस्तीच्या कामाचे प्रमुख होते, हे मला मागाहून कळलं. तोवर मी रागारागाने हात धुऊन आलो होतो. आज साहेबांच्या पंच्याहत्तरीनिमित्त लिहायला बसलो तोही हात धुऊनच, याची वाचकांनी नोंद घ्यावी.

साहेब नागपूरहून डिप्लोमा करून आलेले. धुळीशी त्यांचं हाडवैर, आणि राहायला आले कुठे, तर भिलाईत. चहूकडे खोदकाम चाललेलं, लाल मुरमाची धूळ जेवणाच्या डब्यातसुद्धा शिरायची. नंदिनीच्या चुनखडीच्या खाणीकडून आलेली गाडी तर भुकटीत लोळून आल्यासारखी दिसायची. साहेबांनी हुकूमच काढला होता की कुठलीही गाडी धुतल्याशिवाय फाटकाबाहेर जायची नाही. ड्रायव्हर मंडळी कुरकुरत आणि पाठीमागे त्यांना 'धोबीसाहेब' म्हणत. साहेबांना ते ठाऊक होतं. एकदा तर त्यांनी स्वतःच एका ड्रायव्हरला विचारलं, की धोबीसाहेबांचा निरोप मिळाला की नाही.

हा हुकूम मनापासून पाळणारा माणूस एकच होता, आडकूजी शेंडे. ते गोंदियाकडचे. गावची शेतीतली वाटणी धाकट्या भावाला देऊन, बायको आणि तान्ही मुलगी घेऊन ते भिलाईला आले होते. कंपनीनेच दिलेल्या टिनाच्या खोलीत राहत. नोकरी गेली की खोलीही जाणार, हे उघडच होतं. त्यांच्याकडे कंपनीची सगळ्यात मानाची गाडी होती. परदेशी पाहुण्यांसाठी आणलेली, लांबलचक, आणि आत थंड हवेचं यंत्र बसवलेली. तशी गाडी आम्ही कुणी पाहिली नव्हती. आडकूजी तिला रोज सकाळी पाण्याच्या पाइपने न्हाऊ घालत, पुढची जाळी तर दोनदा.

त्या उन्हाळ्यात ही गाडी रुसली. थंड हवा बंद असली की बिनतक्रार चालायची. यंत्र सुरू केलं की थोड्याच वेळात इंजिनाच्या तापमानाचा काटा चढायला लागायचा आणि बॉनेटखालून वाफ निघायची. पाहुण्यांना घेऊन नंदिनीच्या रस्त्यावर ती अशीच थांबली. पाहुणे उन्हात उभे राहिले, आणि गोष्ट मॅनेजरसाहेबांपर्यंत गेली. आडकूजी इंजिनातलं पाणी न पाहताच गाडी काढतात, असं कुणीतरी त्यांच्या कानात घातलं. पुन्हा एकदा गाडी थांबली तर ड्रायव्हर घरी जाईल, असं त्यांनी रंगारीसाहेबांना बजावलं. पुढच्या सोमवारी पाहुणे याच गाडीने परत निघणार होते.

गौरवलेखात लिहू नये, पण लिहितो: साहेब पहिल्यांदा चुकले. पंख्याचा पट्टा सैल असेल, यंत्राचा भार आला की तो घसरत असेल, असं त्यांनी ठामपणे सांगितलं. मी नवा पट्टा काढून दिला. तो चढवला, गाडी फिरवली, पुन्हा वाफ. मग इंजिन तापेपर्यंत पाणी अडवून धरणारी झडप काढून गरम पाण्यात टाकून पाहिली. ती शहाण्यासारखी उघडली. पाण्याचा पंपही ठीक निघाला. आडकूजींचा चेहरा उतरत चालला होता. ते सगळ्यांना एकच सांगत, की मी पाणी रोज पाहतो. त्यांच्यावर विश्वास ठेवावा की नाही, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांचं ठरत नव्हतं.

साहेबांचा एक नेम होता. गाडीच्या दुखण्याबद्दल ते आधी ड्रायव्हरला विचारत, आणि तेही त्याच्या शेजारी बसून, गाडी चालू असताना. ते आडकूजींच्या बाजूला बसले, मी मागे. कधी थंड हवा लावायची, कधी बंद करायची, असं करत आम्ही जामुलच्या रस्त्याला बरंच फिरलो. काटा दर वेळी यंत्राबरोबरच चढत होता. साहेबांनी आडकूजींना पाण्याबद्दल काहीच विचारलं नाही. सकाळी गाडी बाहेर काढण्याआधी काय काय करता, एवढंच विचारलं. आडकूजींनी अभिमानाने सगळं सांगितलं, पाइप कसा धरतो आणि पाण्याचा जोर किती ठेवतो तेसुद्धा. साहेबांनी गाडी गॅरेजकडे वळवायला सांगितली.

गॅरेजात आल्यावर त्यांनी इंजिन चालू ठेवायला सांगितलं आणि खिशातला रुमाल काढून गाडीच्या पुढच्या जाळीवर धरला. इंजिनाचा पंखा बाहेरची हवा आत ओढतो, तेव्हा रुमाल जाळीला चिकटून राहायला हवा. कडेला तो चिकटला. मधोमध धरला तर खाली पडला. पुन्हा धरला, पुन्हा पडला. साहेबांनी गाडी बंद करायला लावली आणि स्वतः पाना घेतला.

त्या गाडीला पुढे दोन जाळ्या होत्या. आतली रेडिएटरची, इंजिनाचं पाणी थंड करणारी. तिच्यापुढे थंड हवेच्या यंत्राची दुसरी. दोन्हींच्या मधे बोटभर फट. पुढची जाळी सोडवली, तर त्या फटीत चुनखडीची भुकटी आणि लाल माती यांचा गिलावा बसलेला. पुढून पाण्याचा जोर मारला की धूळ पुढच्या जाळीतून पार होऊन आतल्या जाळीवर थापली जायची आणि वाळायची. समोरून जाळी लखलखीत. उरल्यासुरल्या हवेवर इंजिन एरवी कसंबसं निभावत होतं. पण यंत्र लागलं की इंजिनावर भार वाढायचा, वर पुढच्या जाळीचा तापही आत यायचा, आणि मग काही चालायचं नाही.

आडकूजींनी त्या गिलाव्याची खपली बोटाने काढून पाहिली. "म्या जितकी धुतली, तितकीच बिघडवली," ते म्हणाले. साहेबांनी पाइप त्यांच्याच हातात दिला आणि दोघांनी मिळून मागच्या बाजूने, हळू धारेने, सगळा गिलावा काढला. मग थंड हवा लावून गाडी फिरवली. काटा जागचा हलला नाही.

सोमवारची काळजी मिटली, पण दोष कुणाचा, हा प्रश्न होताच. मॅनेजरसाहेबांनी दोघांना बोलावलं. स्टोअरचे कागद घेऊन मीही तिथे होतो. रंगारीसाहेबांनी गोलमोल काही सांगितलं असतं तरी चाललं असतं. धूळ होती, असं म्हणून सुटता आलं असतं. त्यांनी सगळं उलगडून सांगितलं आणि शेवटी म्हणाले, की रोज धुवायचा हुकूम माझा, आत दोन जाळ्या आहेत हे ड्रायव्हरला सांगायचं काम माझं, ते मी केलं नाही. मॅनेजरसाहेबांनी सगळं ऐकून घेतलं. आडकूजी कामावर राहिले. साहेबांची मात्र पाहुण्यांच्या गाड्यांवरून डंपरांवर बदली झाली आणि त्या वर्षीची बढती दुसऱ्याला मिळाली.

बाहेर आल्यावर आडकूजींनी त्यांना अडवलं. "साहेब, तुमी आपलं नाव कावून सांगतलं?"

"धुवाले मीच लावलं होतं ना तुमाले," साहेब म्हणाले. "मंग कोनाचं सांगू?"

मला फार वाईट वाटलं होतं, आणि ते मी त्यांना बोलूनही दाखवलं. त्यांनी माझ्याकडे डंपरच्या बेअरिंगची मागणी केली. पुढे त्यांना पदं मिळाली, मान मिळाला. बुद्धविहाराच्या ओसरीवर त्यांनी रविवारी ड्रायव्हरांना आणि खलाशांना, म्हणजे गाड्यांवरच्या मदतनिसांना, इंजिनाची माहिती द्यायला सुरुवात केली, ती निवृत्तीनंतरही चालू होती. माझी पत्नी दवाखान्यात होती तेव्हा रंगारीवहिनी रोज डबा पाठवत. तो घेऊन साहेब स्वतः सायकलवर येत आणि माझ्या हातांकडे पाहून मगच डबा उघडत.

या गौरवग्रंथासाठी लिहितो आहे, म्हणून परवा आडकूजींना भेटून आलो. ते आता मुलीकडे हथखोजला असतात. डोळ्यांना कमी दिसतं. साहेबांच्या पंच्याहत्तरीबद्दल त्यांना सांगितलं. साहेबांना दीर्घ आणि निरोगी आयुष्य लाभो, असं मी शेवटी लिहिणार आहे, हेही सांगितलं.

"थे तं लिहाच," ते म्हणाले. "आन माह्या नावानं लिहा, की त्याईले कमी पडलं तं माह्यातलं द्या. भिलाईतलं माहं सारं आयुष्य त्याईनंच देल्लं हाय."