झाडूसाहेबांची सफाई

आमच्या कंपनीत बत्तीस वर्षं नोकरी करून त्या माणसाने स्वतःचं म्हणावं असं एक वाक्य लिहिलं नाही. दुसऱ्यांच्या लिखाणातल्या चुका मात्र तो इमानाने वेचत राहिला आणि तेवढ्यावर टंकलेखकाचा विभागप्रमुख झाला. पाठीमागे आम्ही त्याला झाडूसाहेब म्हणायचो. दुसऱ्याच्या टेबलावरची पेनं एका रेषेत लावायचा. कुणी जीव ओतून केलेलं काम पुढे ठेवलं, की मान वाकडी करून म्हणायचा, "ठीक आहे. पण समास?"

कंपनी धुलाईयंत्रं बनवायची. हॉटेलांच्या, वसतिगृहांच्या लाँड्रीत बसतात तसली धुडं. ती चालवायची कशी, हे सांगणारी पानं मॅन्युअलवाल्या ताई लिहायच्या आणि मी तपासायचो. पानं मार्कडाउन पद्धतीच्या साध्या फायलींत असत आणि यंत्रावरच्या छोट्या पडद्यावर दिसत. या पद्धतीची एक खोड आहे. एंटर मारून नवी ओळ सुरू केली, तरी वाचणाऱ्याच्या पडद्यावर ती आधीच्या ओळीलाच जाऊन चिकटते. ओळ खरंच तोडायची, तर तिच्या शेवटी दोन मोकळ्या जागा सोडायच्या. डोळ्यांना त्या दिसत नाहीत, पण सगळं त्यांच्यावरच उभं असतं. ताईंनी तीनशे बारा फायलींत त्या जागा न चुकता सोडल्या होत्या.

एका सोमवारी झाडूसाहेबाच्या संगणकावर लिहिण्याचं नवं सॉफ्टवेअर आलं. ते अशा जागा लाल ठिपक्यांनी दाखवायचं. पडद्यावर गोवर उठल्यासारखं झालं आणि तो ताडकन उठून आला.

"ताई, हा काय कचरा?"

"कचरा नाही साहेब. त्या काढल्यात तर सगळ्या ओळी एकमेकींत घुसतील."

"मला शिकवू नका. मी टाइपरायटर बडवत होतो तेव्हा तुम्ही पाटी गिरवत होतात."

"असेन. पण आधी एका पानातल्या काढून बघा तरी."

बघेल तो झाडूसाहेब कसला! ताई वडिलांच्या डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी रजेवर गेल्या, तशी त्याने संगणकाला एक आज्ञा देऊन सगळ्या फायली झाडून काढल्या. "नऊ हजार जागांचा कचरा उपसला," असं तो मजल्यावरच्या प्रत्येकाला सांगत फिरला. एकही पान उघडून पाहिलं नाही. साहेबांचं काम तपासायची रीत आमच्याकडे नव्हती. मला धोका कळत होता. मी "वा साहेब" म्हणालो आणि चहा प्यायला गेलो.

आठवड्याभरात एका हॉटेलच्या लाँड्रीत नवं यंत्र सुरू झालं. ताईंनी तापमानाची यादी ओळीओळीने दिली होती: वर 'तापमान:', खाली सुती चादरी ९० अंश, खाली लोकरी ब्लँकेटं ३० अंश, खाली पडदे ४० अंश. आता ती सलग झाली होती, आणि यंत्रावरच्या चिंचोळ्या पडद्यावर 'तापमान: सुती चादरी' एवढंच वरच्या ओळीत मावलं. खालच्या ओळीत आलं: '९० अंश लोकरी ब्लँकेटं'. कामगाराने जे वाचलं ते केलं. साठ ब्लँकेटं उकळून निघाली.

लाँड्रीच्या मुख्य बाई त्यातलं एक घेऊन थेट आमच्या मीटिंगमध्ये आल्या. आकसून, घट्ट होऊन ते पायपुसण्याएवढं झालं होतं. त्यांनी ते टेबलावर आपटलं.

"हे कुणाला पांघरू? बाहुलीला?"

झाडूसाहेबाने आधी टेबलावर पडलेली लोकर बोटाने गोळा केली. मग म्हणाला, "चूक लिहिणाऱ्याची आहे. दिसत नाहीत अशा जागांवर कुणी मॅन्युअल उभं करतं का?"

रजेवरून परतलेल्या ताईंनी संगणक मोठ्या साहेबांकडे वळवला. फायलींत कुणी, कधी, काय बदललं, याची नोंद राहते. तीनशे बारा वेळा एकच नाव.

"हे कुणी केलं?" मोठ्या साहेबांनी विचारलं.

"आज्ञा मी दिली," झाडूसाहेब म्हणाला, "पण काढलं ते मशीनने."

ताईंनी माझ्याकडे पाहिलं. त्यांनी बजावलेलं मी माझ्या कानांनी ऐकलं होतं. एक वाक्य बोलायचं होतं. मी मूग गिळून बसलो. झाडूसाहेबाला तुच्छ लेखायचा हक्क माझ्याकडे फारसा उरलेला नाही, पण सवय जात नाही.

निकाल काय लागला? ताईंनी अकरा दिवस बसून प्रत्येक यादी क्रमांक घालून नव्याने लिहिली, म्हणजे कुणी कितीही झाडलं तरी ओळी जागच्या हलणार नाहीत. आणि 'ओळ कशी तोडावी' या विषयावर सगळ्या विभागांपुढे भाषण कुणी केलं? झाडूसाहेबाने. भाषण ताईंनीच लिहून दिलं होतं. त्याने त्यातले तीन स्वल्पविराम बदलले आणि टाळ्या घेतल्या. माफी त्याने मागितली नाही. ताईंनीही वाट पाहिली नाही. पुढच्याच महिन्यात दुसरी नोकरी धरली.

दोन वर्षांनी तो निवृत्त झाला. निरोपाला त्याची बायको आली होती, शांत, थकलेली बाई. मी काहीतरी बोलायचं म्हणून म्हणालो, "वहिनी, आता साहेब घरी असतील दिवसभर."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. तो हारातलं एक सुटलेलं फूल पुन्हा ओवत होता.

"माझी सामानाची यादीसुद्धा दुरुस्त करतात हो," त्या म्हणाल्या. "आणि आणतात मात्र भलतंच."

मग पिशवी उचलून त्या जिन्याकडे निघाल्या, नवऱ्यासाठी न थांबता.