तबकडीखालचा पाटा

जालन्यात आमच्या शेजारी राहणारे बँकेतले काका जुन्या तबकड्या ऐकतात. स्टेशन जवळच, त्यामुळे मालगाडी गेली की घर थरथरतं आणि तबकडीवरची सुई उडी मारते. म्हणून काकांनी रेकॉर्ड प्लेअरखाली काकूंचा जड दगडी पाटा ठेवलाय आणि पाट्याखाली अर्धे कापलेले रबरी चेंडू. चटणी वाटायची तर काकूंना गाणं संपायची वाट बघावी लागते. घरी कुणी आलं की काका आधी त्याच्या पायांकडे बघतात आणि म्हणतात, "जरा हळू टेका."

परवा त्यांच्या मुलीला बघायला टेंभुर्णीचे पाहुणे आले. स्थळ मीच आणलं होतं. काकांनी हौसेनं तबकडी लावली. पण मुलाच्या वडिलांना बोलताना टाच आपटायची सवय. सुई दचकायला लागली. काकूंनी डोळे वटारले, मी खोकलो. तरी काका उठले आणि मुलाच्या वडिलांच्या पायाशी बसले. मला वाटलं, पाया पडताहेत.

"पाय उचला," काका म्हणाले आणि टाचेखाली उरलेला अर्धा चेंडू सरकवला.

"हे काय करून राह्यले?" मुलाचे वडील म्हणाले.

"काही न्हाई. आता बराबर वाजंल."

मुलगी तोंडावर ओढणी दाबून आत पळाली. पाहुणे चहा पिऊन उठले. सोयरीक मोडली, असंच मी धरून चाललो.

संध्याकाळी मुलाच्या वडिलांचा मला फोन आला. "पोरगी पसंत हाये. पण मांडवात तुमच्या काकाला माझ्यापासून लांब बसवा."