मित्रासाठी मागितलेली प्रार्थना

चूक एवढीशीच होती. शुक्रवारच्या घरगुती प्रार्थनेत प्रत्येकाने आपापला विषय सांगायचा असतो; कुणाच्या गुडघेदुखीसाठी, कुणाच्या मुलीचं लग्न जमावं म्हणून. माझी पाळी आली तेव्हा मी घसा खाकरून म्हणालो, "माझा एक मित्र आहे. त्याची नोकरी जायची वेळ आली आहे. झोप लागत नाही, छातीत धडधडतं. त्याच्यासाठी प्रार्थना करा." मित्र वगैरे कुणी नव्हता. नोकरी माझी, छाती माझी आणि धडधडही माझीच.

खोटं का बोललो ते सांगितलं तर तुम्हाला अधिकच हसू येईल. त्याच्या आधीच्या शुक्रवारी मी याच मंडळीपुढे, विश्वास ठेवणाऱ्याने काळजी कशी करू नये यावर चांगला वीस मिनिटं बोललो होतो. सगळ्यांनी माना डोलावल्या होत्या, पाळकसाहेबांनी पाठ थोपटली होती. आता आठवड्याभरात कोणत्या तोंडाने म्हणणार, की मीच काळजीने अर्धा झालोय?

उज्जैनात मराठी बोलणारी ख्रिस्ती घरं तेव्हाही बोटांवर मोजण्याइतकीच होती. वडील रेल्वेच्या नोकरीत नगरकडून इथे आले आणि इथलेच झाले. रविवारची उपासना हिंदीत व्हायची, म्हणून शुक्रवारी संध्याकाळी कुणाच्या तरी घरी सतरंजी पसरून आम्ही मराठीत गुडघे टेकायचो. त्या मराठीतही निम्मी हिंदी असायची, पण देवाची कधी तक्रार आली नाही. नव्वदच्या दशकातली ती मधली वर्षं. आमच्या फ्रीगंज भागात गल्लोगल्ली एसटीडीच्या पिवळ्या पाट्या लागल्या होत्या, घरोघरी केबल आली होती, आणि आमच्या ऑफिसात कॉम्प्युटर आला होता. मी टायपिस्ट. बावीस वर्षं एकाच मशीनवर बसलेलो. डोळे मिटूनही माझी ओळ वाकडी जायची नाही. आता साहेबांनी सांगितलं होतं, की दोन महिन्यांनी कॉम्प्युटरची परीक्षा होईल, ज्याला जमणार नाही त्याने पुढच्या महिन्याच्या अखेरीपर्यंत स्वेच्छानिवृत्तीचा अर्ज द्यावा. मी त्या यंत्राला एकदाच हात लावला. पडदा काळा झाला, आणि शेजारचा बाबू म्हणाला, "क्या कर दिया, भाई साहब?" त्या दिवशी घरी न सांगता मी अर्ज भरून टाकला. फक्त सही राहिली होती.

मग सुरू झाली माझ्या मित्राची ख्याती. आमच्यात एक मावशी होत्या, मिशनच्या दवाखान्यातून निवृत्त झालेल्या नर्स, एकट्या राहायच्या. त्यांनी हा विषय असा काही उचलून धरला, की विचारू नका. दर शुक्रवारी पहिला प्रश्न, मित्र कसा आहे? त्याचं नाव काय? मी म्हणालो, लाजतो हो, नाव नको. त्या म्हणाल्या, हरकत नाही, देवाकडे पत्ता असेल. तो जेवतो का, हेही त्यांनी विचारलं. फारसा नाही, म्हटल्यावर पुढच्या वेळी डिंकाच्या लाडवांचा डबा आला. ते लाडू मी ऑफिसच्या मागच्या जिन्यात बसून खाल्ले. खरं सांगतो, इतक्या शरमेने आजवर मी कुठलाही गोड पदार्थ खाल्लेला नाही. आणि तरी एकही उरवला नाही. डोळे मिटून मंडळी, त्यांत माझी बायकोही, त्या नसलेल्या माणसासाठी कळवळून मागायची तेव्हा मी त्यांच्या मधोमध गुडघ्यांवर असायचो, आणि मला वाटायचं, हे सगळं माझ्या डोक्यावरून शेजारच्या गल्लीत चाललंय.

पाचव्या शुक्रवारी मावशी खुशीत आल्या. त्यांच्याकडे भाड्याने राहणारी मुलगी टॉवर चौकाजवळच्या कॉम्प्युटर क्लासमध्ये शिकवत होती. क्लास भरायच्या आधी, सकाळी सात वाजता, ती मित्राला शिकवायला तयार होती. सोमवारपासून पाठव त्याला, मावशी म्हणाल्या. जी मदत मी महिनाभर मागत होतो ती आली होती, पण दुसऱ्याच्या नावावर. आणि बुधवारी अर्ज द्यायची शेवटची तारीख होती.

सोमवारी मी गेलो. पोह्यांच्या गाडीवर नुकती वाफ धरू लागली होती. मनात योजना पक्की: मित्र आजारी आहे, त्याच्याऐवजी मी शिकून त्याला सांगतो, अशी थाप मारायची. जिना चढून वर गेलो तर दाराशी बाकावर खुद्द मावशी बसलेल्या. मित्र लाजरा आहे, ओळख करून द्यायला कुणी हवं, म्हणून सायकल रिक्षा करून आल्या होत्या.

"आला का रे तुझा मित्र?"

थाप ओठांपर्यंत आली होती. कशी कोण जाणे, ती तिथेच विरून गेली. मी म्हणालो, "आलाय, मावशी. हाच तो."

त्या माझ्याकडे पाहत राहिल्या. रागावल्या असत्या तर बरं वाटलं असतं. मग थोडं सरकून त्यांनी मला बाकावर जागा करून दिली आणि विचारलं, "लाडू तरी तूच खाल्लेस ना?" मी मान हलवली. त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला आणि तिथेच, जिन्यात, प्रार्थना केली. अगदी छोटी. या वेळी त्यांनी माझं नाव घेतलं. महिनाभरात पहिल्यांदा मला वाटलं, की आपल्यासाठी कुणीतरी काही मागतंय. छातीवरचं ओझं उतरलं असं मी म्हणणार नाही. पण ते धरायला आणखी दोन हात आले.

"आता जोडे काढ," त्या म्हणाल्या. "आत धूळ चालत नाही म्हणतात."

आमच्या चर्चमध्ये लोक जोडे घालून जातात. त्या थंडगार खोलीत मात्र मी अनवाणी गेलो, आणि ती मुलगी म्हणाली, "दबाइए अंकल, कुछ नहीं बिगड़ेगा."

बिघडलं बरंच. पण अर्ज मी दिला नाही, आणि परीक्षेत काठावर का होईना, पास झालो. मावशी आता नाहीत. त्या क्लासच्या जागी मोबाइलचं दुकान आहे. तिथून जाताना आजही माझी चाल थोडी मंदावते. चिंता प्रभूवर टाकावी, हे मी वीस मिनिटं सांगू शकत होतो. ती टाकताना आधी स्वतःच्या नावाने उचलावी लागते, हे मात्र मला त्या बाकावर कळलं. काळज्या नंतरही आल्या, येतातच. त्या मी माझ्याच नावाने सांगतो, आणि तेवढ्यासाठी देवाचे उपकार मानतो.

त्या सोमवारी संध्याकाळी बायकोला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. हातातली जुडी तिने संपवली. मग मान वर न करता म्हणाली, "मी त्या मित्रासाठी नव्हते हो मागत. मी त्याच्या बायकोसाठी मागत होते. म्हटलं, असा माणूस घरात काही सांगत नसणार, ती बिचारी कसे दिवस काढत असेल."