वादीत भरती येत नाही

सीब-मस्कतकर मित्रांनो, आज सकाळी कुणी वादीवर गेलं होतं का? आम्ही गेलो होतो. दोघंही परत आलोय, म्हणून लिहितोय.

पास्कल मामा वसईहून आलेत. ऑक्टोबरचं ऊन जरा उतरलंय, म्हणून गळ घेऊन डोंगरातल्या एका वादीवर, म्हणजे इथल्या डोंगरी ओढ्यावर, गेलो. मामा प्रवाहातल्या खडकावर बसले, मी काठावर. आभाळ स्वच्छ निळं होतं.

दहाच्या सुमारास पाणी गढूळ झालं. मग मामांचे पाय भिजले.

"भरती लागली रे," मामा म्हणाले. "आता मासा येईल."

मीही खूश झालो. खाडीवर गळ टाकायला त्यांनीच मला शिकवलं. त्या वादीपासून समुद्र तासाभराच्या अंतरावर आहे, हे माझ्या ध्यानात आलं तेव्हा पाण्यातून काटक्या वाहत येत होत्या. वर डोंगरात कुठेतरी पाऊस पडला होता.

"मामा, उठा! पूर येतोय!"

"गप रे. गळाला लागलाय."

मामांवर मी कधीच आवाज चढवला नव्हता. आज ओरडलो, "सोडा तो गळ! खलास, पुरे आता!"

त्यांनी वळून माझ्याकडे पाहिलं आणि गळ सोडला. कमरेइतक्या पाण्यातून येऊन माझा हात धरला. काठ चढून मागं पाहिलं, तर खडक दिसत नव्हता.

गाडीत ते एकदाच बोलले. "ओरडायला एवढा वेळ का लावलास?"

ज्यांनी आपल्याला पाणी ओळखायला शिकवलं, ते चुकताहेत हे सांगायला तुम्हाला किती वेळ लागतो?