भोयेभाऊंची न दिसणारी चूल

भोयेभाऊंच्या बायकोचा, हिराबाईंचा, फोन आला तेव्हा मी जेवणाचा डबा उघडत होते. "ताई, हे गेले हो... सकाळीच गेले," एवढंच म्हणाल्या आणि फोन ठेवला. खोटं कशाला लिहू, मला लगेच रडू आलं नाही. पहिला विचार आला तो असा, की आता केंद्राची चूल कोण सांभाळणार? त्या विचाराची लाज वाटली, तेव्हा कुठे डोळे भरून आले. या गोष्टीला आता दीड महिना झाला.

चूल म्हणजे काय, ते सांगायला हवं. नाशिकमधल्या एका जुन्या इमारतीत, दुसऱ्या मजल्यावर, रक्तदात्यांची यादी सांभाळणारं आमचं छोटं केंद्र आहे. दवाखान्यातून फोन येतो, अमुक गटाचं रक्त हवंय. आम्ही यादीत शोधतो आणि दात्याला फोन लावतो. दोन हजार सालानंतर कधीतरी ही यादी वहीतून कॉम्प्युटरवर गेली आणि ते काम करायला भोयेभाऊ आले. मूळचे हरसूलकडचे. नव्वदच्या दशकात घोटीला रेडिओ-टीव्ही दुरुस्त करायचे, मग कॉम्प्युटर उघडून बघता बघता तेही शिकले. इंग्रजी वाचायचे ते ओळीवर बोट ठेवून, पण एकदा वाचलेलं विसरायचे नाहीत. मी पडले पंचवटीतल्या भटजींची मुलगी, बीएस्सी, वर कॉम्प्युटरचा डिप्लोमा. हे मला काय शिकवणार, अशा तोऱ्यात नोकरीचा पहिला महिना काढला.

आमच्याकडे देणगीत आलेली चार म्हातारी यंत्रं होती आणि कोपऱ्यात त्यातल्या त्यात धडधाकट असं एक मुख्य यंत्र. यादीत शोधायचं तर टर्मिनल नावाची काळी खिडकी उघडायची आणि तिच्यात नाव-गाव टाइप करायचं. दर खिडकीमागे तो अख्खा प्रोग्रॅम नव्याने सुरू व्हायचा आणि मुख्य यंत्राला धाप लागायची. फोनवर पेशंटचा माणूस ताटकळत, आणि आम्ही खिडकीकडे डोळे लावून! भाऊंनी ती मांडणीच बदलली. प्रोग्रॅम सकाळी एकदाच सुरू व्हायचा आणि पडद्यावर न येता मागे बसून राहायचा. आपण फक्त खिडकी मागायची, ती तो लगेच द्यायचा. अशा प्रोग्रॅमला डीमन म्हणतात, असं मी त्यांना ऐटीत ऐकवलं.

"आसंल," भाऊ म्हणाले. "आमच्याकडं लग्नात दर पंगतीला नवी चूल नाय मांडत. एक पेटती ठेवायची, अन् वाढत जायचं."

तेव्हापासून तिचं नाव चूल. चारही टेबलांवरच्या खिडक्या तिच्यातूनच यायच्या आणि ती चालायची मुख्य यंत्रावरच्या भाऊंच्या नावाच्या खात्यातून. यंत्राचा मुख्य पासवर्ड त्यांनी मलाही देऊन ठेवला होता.

एका दुपारी शेजारच्या टेबलावरची सविता घोटीच्या दवाखान्याशी फोनवर बोलत होती. बाळंतीण होती, खूप रक्त गेलेलं, ओ निगेटिव्ह हवं होतं. नेमकी तेव्हाच सविताची खिडकी अडकली. भाऊ खाली चहाला गेलेले. म्हटलं, त्यांना कशाला हाक मारायची! चालू असलेल्या प्रोग्रॅमांमध्ये टर्मिनल एकच दिसलं. ते सविताचंच, असं समजून मी मुख्य पासवर्ड टाकला आणि ते बंद केलं... चारही टेबलांवरच्या खिडक्या एकदम गेल्या. ते एकटं टर्मिनल म्हणजेच चूल होती आणि मी तीच विझवली होती.

भाऊ जिना चढून आले, पडदे बघितले. "कोनी केलं?"

"मी."

"बेस. खरं बोलल्या." मग सविताकडे वळून त्यांनी ओ निगेटिव्हच्या तीन दात्यांचे नंबर तोंडपाठ सांगितले. दुसऱ्या नंबरवरचे नाशिकरोडचे मास्तर मिळाले आणि शाळेतून थेट निघाले. बाळंतीण वाचल्याचं आम्हाला संध्याकाळी कळलं.

इकडे भाऊ खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. "आता पेटवा. तुमच्या नावानं."

"भाऊ, तुम्हीच करा ना. दुसरा फोन आला तर?"

"मी करंल, लय पटकन करंल. पन मी नसलो तं?"

दोनदा चुकले. त्यांनी कीबोर्डला बोटसुद्धा लावलं नाही, चूक कुठे झाली तेवढं सांगितलं. मला त्यांचा असा राग आला होता म्हणता! तिसऱ्यांदा खिडक्या उघडल्या. "जमलं की," म्हणाले आणि अर्धा राहिलेला चहा प्यायला परत खाली गेले.

दुसऱ्या दिवशी त्यांनी चूल परत आपल्या नावावर घेतली असणार, असं मी धरून चालले. वीज जायची, यायची, चूल आपोआप पेटायची, आणि मी निर्धास्त असायचे. पुढे केंद्राची प्रमुख झाले, चार लोकांना हुकूम सोडू लागले, पण चुलीकडे कधी वळून पाहिलं नाही. भाऊ आहेत ना, मग काय!

आता ते गेल्यावर समितीचं पत्र आलं, की नियमाप्रमाणे त्यांचं खातं बंद करा. मी महिनाभर टाळलं. खात्याबरोबर चूल गेली आणि तेवढ्यात फोन आला तर? शेवटी गेल्या आठवड्यात सविताला यादी कागदावर छापून ठेवायला सांगितली आणि मुख्य यंत्रासमोर बसले.

भाऊंच्या नावावर काहीच चालू नव्हतं. चूल पेटलेली होती, माझ्या नावावर. यंत्र चालू होताच तिला पेटवणारी हुकमाची ओळ मी उघडून तारीख पाहिली. त्या दुपारच्या दुसऱ्याच दिवशी त्यांनी ती लिहिली होती आणि नंतर एकदाही बदललेली नव्हती. इतकी वर्षं मी त्यांच्या भरवशावर होते आणि ते माझ्या! मला रडू आलं, आणि खरं सांगते, ताठ बसावंसंही वाटलं.

खातं मात्र बंद केलं नाही. समितीने कारण विचारलं, तेव्हा मी उत्तरात लिहिलं, "त्यांच्यावाचून काहीही अडत नाही, अशी व्यवस्था त्यांनीच करून ठेवली आहे. आता त्यांना नुसतं बसू द्या."