मास्तरांच्या हातची अळणी जेवणं

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिलाईचे. गळ्यात टेप, कानावर पेन्सिल आणि तोंडात टाचण्या, त्यामुळे बोलणं कमीच. माणूस दारातून आत येईपर्यंत त्याच्या खांद्याचं माप मास्तरांच्या डोळ्यांनी घेतलेलं असायचं. पण असा हुशार माणूस स्वयंपाकघरात कशासाठी जायचा म्हणाल, तर पाणी प्यायला. ग्लास कुठल्या फडताळात असतात तेवढं त्यांना ठाऊक होतं, आणि त्यातही दोनदा चुकायचे.

त्यात त्यांचा तरी काय दोष? बायकोच तशी होती. तिला सगळं गाव काकू म्हणायचं. एका मोठ्या ऑफिसच्या तळमजल्यावरच्या कँटीनमध्ये ती मुख्य स्वयंपाकीण. काकूंनी झाकण उघडलं की वरच्या मजल्यांवरच्या लोकांचं कामातलं लक्ष उडायचं. दिवसभर शंभर माणसांचं करून आली तरी घरी येऊन पुन्हा पदर खोचून उभी. अशा बाईच्या नवऱ्याने कढईला हात लावावा कधी आणि कशाला?

लावावा लागला. त्याचं कारण त्यांची लेक.

लेक परदेशात. तिला दिवस गेले होते. मागच्या खेपेलाही गेले होते, पण ते टिकले नाहीत, आणि तेव्हा जावई कामासाठी दुसऱ्या शहरात आणि पोरगी घरात एकटी. फोनवर ती नुसती रडत होती आणि काकू इकडे फोन कानाला दाबून उभ्या होत्या. दुसरं करणार काय? त्या दिवशी काकूंनी मनाशी ठरवलं होतं, पुढच्या वेळी काहीही होवो, आपण तिच्याजवळ असायचं. आता ती वेळ आली होती. व्हिसा झाला, तिकीट झालं, बॅगसुद्धा आली. राहिलं होतं फक्त डॉक्टरचं पत्र, की बाई प्रवासाला ठीक आहेत. विम्याच्या लोकांना ते हवं होतं. मास्तर आणि काकू दोघंही अगदी हसत खेळत दवाखान्यात गेले.

डॉक्टरबाईंनी दंडाला पट्टा बांधला, फुगवला, सोडला, पुन्हा फुगवला. त्यांच्या कपाळावर आठी पडली. "काकू, हे काय करून ठेवलंय? वरचाही आकडा वर, खालचाही वर. या प्रेशरवर मी तुम्हाला विमानात बसायला हो म्हणणार नाही."

"अहो डॉक्टर, पण मला काही होत नाहीये."

"तीच तर अडचण आहे. आजपासून गोळी, आणि मीठ बंद म्हणजे बंद. प्रेशर खाली आलं तर पत्र देते. नाही आलं तर रागवा माझ्यावर, पण पत्र नाही."

काकूंचं तोंड एवढंसं झालं. दोघं घरी आले. दाराशी चपला काढताना एवढंच म्हणाल्या, "या वेळीही पोर एकटीच राहते की काय हो?"

मास्तर तिथल्या तिथे बोलून गेले, "आजपासून घरचं जेवण मी करणार."

काकूंनी त्यांच्याकडे असं पाहिलं, जणू ते म्हणाले होते की विमान मी चालवणार. पण मास्तरांचा हिशेब सरळ होता. तिने कढईपुढे उभं राहायचं म्हटलं की मीठ आपोआप पडणार. तिच्या हाताची सवयच तशी. तेव्हा हात बदललेला बरा.

पहिल्या दिवशीची भाजी बघायला तुम्ही हवे होतात! गाजराचे सगळे तुकडे एका मापाचे, कडा सरळ, एकही वेडावाकडा नाही. कापण्यात मास्तरांचा हात कोण धरणार? शिजण्याचं मात्र विचारू नका. खालून जळलेली, वरून कच्ची, आणि चव म्हणाल तर शून्य. मास्तरांनी स्वतः एक घास घेतला आणि पाण्याचा ग्लास ओढला. काकू हसून हसून खोकल्या आणि मग त्यांनी सगळं ताट चाटूनपुसून संपवलं.

व्हिडिओ कॉलवर लेक ओरडलीच, "बाबा? आणि गॅससमोर? आई, त्यांना बरं वाटत नाहीये का?" मग तीच रोज संध्याकाळी तिकडून शिकवू लागली. आच मंद करा बाबा. लिंबू पिळा, लसूण भाजून घाला, मिरपूड आहे का घरात? आपलं पोट सांभाळत ती खुर्चीत बसायची आणि बाबा इकडे डाव धरून उभे. बापलेकीचं एवढं बोलणं इतक्या वर्षांत झालं नव्हतं. आठवडाभरात भाजी जळायची थांबली. पुढे पुढे तर भाजलेल्या भोपळ्याचं सूप असं जमलं, की काकूंनी दुसऱ्यांदा मागून घेतलं. मास्तरांना हे एवढं चढलं, की एका गिऱ्हाईकाला पॅंटची लांबी विचारायची सोडून त्यांनी सुपाची कृती सांगितली.

बाकीची तयारीही मास्तरांनी अंगावर घेतली. लस टोचायला नेलं. दुखरी दाढ दाखवली, चष्म्याचा नंबर तपासला. विमानात पाय सुजू नयेत म्हणून घट्ट मोजे आणले आणि सकाळी फिरायला नेऊ लागले. गोळ्यांसाठी कमरेला बांधायची एक पिशवी शिवली, तिला आत चार कप्पे. "एवढे कप्पे कशाला?" काकू म्हणाल्या. "असू देत," मास्तर म्हणाले.

आणि एवढं करून पुढच्या तपासणीला प्रेशर जिथल्या तिथे. डॉक्टरबाईंनी गोळी वाढवली. त्याच्या पुढच्या तपासणीला तर केसभर वरच.

"काकू, खरं सांगा, बाहेरचं काही खाता का?"

"शपथ घेऊन सांगते, एक कण नाही. डबासुद्धा यांच्या हातचाच नेते."

खोटं बोलणाऱ्यातली बाई ती नव्हेच. डॉक्टरबाईंनी मास्तरांकडे पाहिलं आणि मास्तर शरमेनं चूर झाले. म्हणजे आपल्याच स्वयंपाकात खोट! घरी येऊन त्यांनी सगळी पाकिटं उलटीपालटी करून वाचली. सॉसची बाटली फेकली, पाव बंद केला, बिस्किटं शेजारी देऊन टाकली. प्रवासाचा दिवस जवळ येत चालला आणि दोघांचाही जीव टांगणीला लागला. आणि मग मास्तरांना दुर्बुद्धी सुचली. काकू आंघोळीला गेल्या असताना त्यांनी तिची पर्स उघडली. एखादं वेफर्सचं पाकीट सापडतं का म्हणून.

नेमक्या काकू रुमाल विसरल्या म्हणून परत आल्या.

"माझी झडती घेताय?" काकूंचा आवाज चढला नाही, हेच वाईट होतं. "अहो, माझी पोरगी तिकडे वाट बघतेय. मी चोरून खाईन? मी?"

मास्तरांना कुठे तोंड लपवू असं झालं. काकू डबा न घेताच निघून गेल्या.

दुपारी मास्तरांनी दुकानाला कुलूप घातलं आणि तो डबा घेऊन कँटीन गाठलं. माफी मागायची होती. काय बोलायचं ते वाटेत तीनतीनदा घोकलं होतं. पुढच्या खिडकीतून त्यांनी आत डोकावलं. काकू पाठमोऱ्या, पुढे ओळीने मोठमोठी पातेली. त्यांनी पहिल्या पातेल्यात डाव घातला, डाव्या तळहातावर रस्सा ओतला, चाटला. मीठ टाकलं. ढवळलं. पुन्हा तळहातावर, पुन्हा चाटला. पदराला हात पुसून दुसरं पातेलं. तिथेही तेच. मग तिसरं. मग पहिल्याला काय झालं म्हणून परत पहिलं. मास्तर बघतच राहिले. घोकलेली माफी कुठल्या कुठे गेली.

"अगं!" ते खिडकीतूनच ओरडले. "अगं, तू तर ओंजळी भरभरून मीठ खातेयस!"

काकू दचकून वळल्या. "मी? मी कुठे काय खाल्लं?"

"आत्ता हातावर घेतलंस ते काय होतं?"

"ते होय? ती चव घेतली. चव घेणं म्हणजे काय खाणं असतं?"

आता हसू नका. जन्मभर स्वयंपाक करणाऱ्या कुठल्याही बाईला विचारून बघा. ताट वाढून घेतलं, बसलं, ते जेवण. उभ्या उभ्या चुलीशी तोंडात गेलं ते तिच्या हिशेबी कुठेच नसतं. काकू डॉक्टरांशी खोटं बोलल्या नव्हत्या, नवऱ्याशीही नाही. आपला हात रोज किती वेळा तोंडाकडे जातो हे त्या बाईला खरोखरच माहीत नव्हतं.

भांडी पुसत असलेली मदतनीस मुलगी हळूच म्हणाली, "काकू, सकाळपासून तुमचा तळहात कोरडा झालेला मी तरी पाहिला नाही."

काकूंनी आपला तळहात समोर धरला आणि कपाळाला लावला. मग दोघं नवराबायको खिडकीच्या दोन बाजूंना उभे राहून असे हसले, की रांगेतल्या लोकांना कळेना, हे चाललंय काय.

पण कळलं म्हणून सुटलं असं थोडंच असतं? "न चाखता पातेलं बाहेर पाठवायचं?" काकू घरी आल्यावर म्हणाल्या. "ते मला या जन्मी जमायचं नाही." त्या मदतनीस मुलीला त्यांनी आजवर मिठाच्या डब्याजवळ फिरकू दिलं नव्हतं. चिरणं तुझं, धुणं तुझं, मीठ माझं, असा कँटीनचा कायदाच होता. "अगं, तू महिनोन्महिने जाणार आहेस," मास्तर म्हणाले. "तेव्हा ते लोक काय अळणी खाणार आहेत? आज ना उद्या तिला द्यावंच लागेल." दुसऱ्या दिवशी काकूंनी मिठाचा डबा त्या मुलीच्या हातात ठेवला आणि स्वतः स्टुलावर बसल्या. हात आपोआप डावाकडे जायचे म्हणून ते मांडीखाली दाबून बसल्या.

त्या दिवशी वरच्या मजल्यावरून निरोप आला, काकू आज सुट्टीवर आहेत का? काकू घरी येऊन रडल्या. चांगल्या हुंदके देऊन रडल्या. इतक्या वर्षांचं नाव एका दुपारात गेलं म्हणाल्या. मास्तरांनी समजूत घातली नाही. त्यांना ते येतही नसे. त्यांनी उठून सूप गरम केलं. पुढे ती मदतनीस सुधारली. हळूहळू निरोप यायचे थांबले, आणि एक दिवस कुणीतरी खिडकीशी म्हणालं, आज छान झालंय हं. काकूंना त्याचाही थोडा राग आला.

शेवटच्या तपासणीला दोघं गेले तेव्हा मास्तरांनी दुकानात कात्रीला हातसुद्धा लावला नव्हता. कामात लक्ष नव्हतं, कापड वाया गेलं असतं. डॉक्टरबाईंनी पट्टा बांधला. पट्टा फुगत गेला. मग हवा सोडल्याचा तो बारीक आवाज. डॉक्टरबाईंनी पुन्हा एकदा बघितलं, आणि हसल्या.

"उतरलं की हो काकू! जा आता, नातवंडाला माझा आशीर्वाद सांगा."

पत्र हातात पडलं. लेकीला फोन लावला, तर तिला शब्द फुटेना. येतेयस ना आई, येतेयस ना, एवढंच. काकू बसमध्ये वाटभर बोलत होत्या. मास्तर खिडकीतून बाहेर बघत होते.

रात्री जेवायला बसले तरी त्यांचं तेच. ताटात भात तसाच.

"काय झालं हो? आजच्या दिवशी असं तोंड?"

मास्तरांनी चमचा खाली ठेवला. "तुला एक सांगायचंय. मी फार वाईट माणूस आहे." आणि मग टाचण्या तोंडातून काढून एकदम टाकाव्यात तसे बोलत सुटले. "तो पट्टा फुगत होता ना, तेव्हा माझ्या मनात आलं, नको उतरायला. नाही उतरलं तर ही घरी राहील. क्षणभरच आलं, पण आलं. एवढं सगळं केलं, पोरगी तिकडे अशी बसलेली, आणि मी आयत्या वेळी तुझं वाईट चिंतलं."

काकूंचे डोळे भरून आले होते, पण रागाचं नाव नव्हतं.

"एवढंच ना? अहो, माझ्या तर रोज मनात यायचं. तिकीट काढलं त्या दिवसापासून. यांना सोडून मी जाऊ कशी? ग्लास कुठे आहे ते माहीत नाही, हे उपाशी झोपतील. कितीदा वाटलं, लेकीला सांगावं, नाही जमत म्हणून."

"मग?"

"मग तुम्ही ते भोपळ्याचं सूप केलंत. त्या रात्री मी पहिल्यांदा निवांत झोपले. म्हटलं, आता मला जाता येईल."

मास्तर ताटाकडे बघत बसले. पोरीने शिकवलेला एकेक पदार्थ त्यांनी जीव ओतून केला होता, आणि त्या एकेका जेवणाने बायको दाराकडे सरकत गेली होती. त्यांनी डोळे पुसले, नाक ओढलं.

"म्हणजे चांगलं केलं तीच चूक झाली माझी," ते म्हणाले.

"हो," काकू म्हणाल्या आणि त्यांच्या ताटातल्या गार भातावर गरम डाळ वाढली. "जेवा आता."