जसोंडीच्या शेडमधली रिकामी बादली

सगळ्यांत आधी इंदूमावशीचं नाव घेतो. बऱ्हाणपूरजवळच्या जसोंडी गावात केळीची बाग करणारी ही बाई नसती, तर मी हे लिहायला बसलोच नसतो. तोंड लपवून मिळेल त्या गाडीनं कोल्हापूरकडच्या आमच्या आजऱ्याला परत आलो असतो. दुसरं नाव जनावरांच्या सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टर मॅडमचं. पण त्यांच्या दारापर्यंत मला नेलं तेही मावशीनंच. तेव्हा आधी तिला नमस्कार, मग पुढची हकीकत.

आठवीत शाळा सोडली तेव्हापासून मी कोंबड्यांच्या शेडवरच आहे. बऱ्हाणपूरच्या एका शेठनं गावरान कोंबड्यांची नवी शेड घातली होती आणि तिथंच राहून ती सांभाळणारा माणूस त्यांना हवा होता. ओळखीतून निरोप आला. आई म्हणाली, "मध्य प्रदेश म्हणजे किती लांब रे?" मलाही कुठं ठाऊक होतं! भुसावळला गाडी बदलली आणि रावेर मागं पडल्यावर खिडकीबाहेर केळीच केळी सुरू झाली. आपल्याकडं ऊस दिसतो तशी तिकडं केळी. बघायला छान वाटत होतं, पण डोक्यात एकच. आपल्याला हिंदी येत नाही, शिक्षण नाही, तिथं आपलं कोण?

स्टेशनवरून रिक्षानं आधी सिंधीपुऱ्यात गेलो. हा जुन्या शहराचा भाग. अरुंद गल्ल्या, कुठूनतरी येणारा कापडाच्या लूमचा खडखडाट आणि कोपऱ्यावर मिठाईचं दुकान. शेठचं घर तिथंच. त्यांनी चांगलं स्वागत केलं, दराबा (रवा, तूप आणि साखर घोटून केलेली मिठाई) खायला दिला. तोंडात विरघळतो नुसता. मग एक खोकं माझ्या हातात ठेवलं. "देख कोल्हापूरवाले, पिल्लं आली की पहिल्या दिवसापासून ही पावडर पाण्यात. रोज. भूलना मत."

त्यात मला काही नवल वाटलं नाही. मी ज्या ज्या शेडवर राबलो तिथं हेच चालायचं. पक्षी आजारी पडो न पडो, जंतू मारायची पावडर पाण्याच्या टाकीत थोडी थोडी रोज जायची. देवाला दिवा लावावा तशी.

जसोंडीत शेडच्या पलीकडं इंदूमावशीची बाग आणि घर. पहिल्याच दिवशी तिनं कुंपणावरून हाक मारली. "ओ भाऊ, जेवाले ये. एकटा काय शिजवशीन?" कळण्याची भाकरी (ज्वारी आणि उडीद एकत्र दळून केलेली) आणि शेवभाजी होती. भाजीचा पहिला घास घेतला आणि डोळ्यांतून पाणी आलं. मावशी पोट धरून हसली. "कोल्हापूरचा म्हणे! तांबडा रस्सा पितात ना तुमच्याकडं? मंग हे काय झालं?" त्या दिवसापासून मी तिचा 'कोल्हापूरवाला' झालो.

प्रत्येक बॅचमध्ये काही पिल्लं खुरटी निघतात. मोठी पिल्लं त्यांना दाण्यापाशी येऊ देत नाहीत. अशी पिल्लं शेजारपाजारी देऊन टाकायची आपली रीत आहे. शेडमध्ये पहिली पिल्लं आल्यावर काही दिवसांनी मीही त्यांतली मूठभर खुरटी मावशीला दिली. तिच्या अंगणात, विहिरीच्या साध्या पाण्यावर ती वाढायला लागली. त्यांतली एक पायानं अधू होती. तिला मावशी राणी म्हणायची. राणी मावशीच्या मागंमागं केळीच्या सऱ्यांतून फिरायची आणि मावशी तिच्याशी घरातल्या माणसासारखी बोलायची.

आणि मग शेडमध्ये मरतूक लागली. सकाळी फेरी मारताना मेलेले पक्षी उचलायला मी बादली घेऊन जायचो. आधी तळाशी एक-दोन असायचे, मग बादली भरायला लागली. पक्षी पिसं फुगवून कोपऱ्यात बसायचे, धापा टाकायचे. शेठला फोन केला. त्यांनी दुसरी पावडर पाठवली. काही फरक नाही. मग तिसरी आली, आणखी कडक. तरी बादली भरतेच आहे. शेठ फोनवर म्हणाले, "पहिलीच बॅच अशी गेली तर मी शेडला ताला लावतो. तू आपल्या गावी जा."

गावी कुठल्या तोंडानं जायचं? मी मावशीच्या ओट्यावर जाऊन बसलो. तिनं चहा दिला आणि म्हणाली, "मांत्रिकावानी एकेक पुडी सोडून राहिला तू. डॉक्टरले दाखवलं का कधी?"

"डॉक्टर हिंदीत बोलतील मावशी. मला काय सांगता येणार?"

"मले येते ना! मी काय तोंड घरी ठेवून येईन? चल."

तिनं केळीच्या क्रेटमध्ये दोन आजारी पक्षी घातले आणि तिच्या स्कूटीवर आम्ही निघालो. निघायच्या आधी मी मात्र एक शहाणपणा केला. डॉक्टरांकडं न्यायचं म्हणजे पक्षी जरा तरतरीत दिसावा, म्हणून दोघांच्याही चोचीत पावडरीचं दाट पाणी सोडलं. लेकराचं तोंड धुऊन पावडर लावून नेतात ना, तसं! वाटेत क्रेट एकदा निसटला आणि एक पक्षी भर रस्त्यात चालता झाला. दोन भाजीवाल्या आणि एक पोलीस यांनी मिळून तो पकडून दिला.

डॉक्टर मॅडमनं सगळं ऐकलं आणि कपाळाला हात लावला. "आत्ताच औषध पाजलंत? मग नमुन्यात जंतू नीट वाढणार कसा? आणि तो वाढल्याशिवाय कुठलं औषध त्याला मारतं, हे कळणार कसं? औषध न प्यायलेला आजारी पक्षी आणा." त्या चांगलं मराठी बोलत होत्या. भीती उगीचच होती.

पण तसा पक्षी आणायचा कुठून? शेडमधले सगळे एकाच टाकीचं पाणी पितात. घराशी आल्यावर मावशी अंगणात गेली. राणी कालपासून तुळशीच्या कट्ट्याला टेकून पिसं फुगवून बसलेली. मावशीनं तिला उचललं, पदरानं तिची चोच पुसली.

"माह्याकडं आल्यापासून हिनं फक्त विहिरीचं पाणी पेलं. हिले ने."

"मावशी, ते तिला कापून तपासतील."

"मले समजते रे. हे तसंही वाचायची नाही. बाकीच्या तं वाचतीन." मग आवाज चढवून म्हणाली, "आता निघतो का रडतो?"

राणीला मी मांडीवर घेऊन गेलो. तेवढा रस्ता मला फार लांब वाटला.

नमुना प्रयोगशाळेत गेला. उत्तर येईपर्यंत पावडर पूर्ण बंद, आजारी पक्षी वेगळे, खाली अंथरलेलं ओलं तूस काढून कोरडं घाला आणि पाण्याचे पाइप आतून धुवा, असं मॅडमनी बजावलं होतं. पाइप उघडले तर आतून शेंबडासारखा बुळबुळीत थर निघाला. त्या पावडरीत साखर असते, ती रोज टाकून टाकून मीच तो पोसला होता. घासून घासून माझ्या बोटांची सालं गेली.

आणि त्याच दिवशी शेठ आले, चौथं खोकं घेऊन. "ये सबसे कड़क है. डाल दे."

मी खोक्याला हात लावला नाही. तोंडातून निघालं, "नाही टाकणार शेठ. रिपोर्ट येऊ दे."

"आठवी शिकलेला मला शिकवतो?"

कुंपणापलीकडून मावशी ओरडली, "ओ शेठ! तुमच्या तीन खोक्यांनी झाल्या का चांगल्या? का चौथ्यात अमृत हाये? राहू द्या, थोडा दम धरा!"

शेठनं तिच्याकडं पाहिलं, भरलेल्या बादलीकडं पाहिलं. "ठीक आहे. रिपोर्ट येईपर्यंत. नंतर तुझं तिकीट मीच काढतो."

रिपोर्ट आला तेव्हा मॅडमनी मला समोर बसवून समजावलं. आम्ही दिलेल्या तिन्ही औषधांना तो जंतू अजिबात जुमानत नव्हता. राणीनं तर इतके दिवस औषध चाखलंही नव्हतं, पण तिच्या अंगातला जंतू आमच्याच शेडमधला, रोज थोडी थोडी पावडर खाऊन सरावलेला. "कमजोर जंतू मरतात, चिवट उरतात आणि त्यांचीच पैदास होते," मॅडम म्हणाल्या. "आणि तो कोंबडीतच राहतो असं समजू नका. तुमच्या हातावरून, कच्च्या मांसावरून माणसात येतो. मग माणसालाही ती औषधं लागू पडत नाहीत." मी माझ्या सोललेल्या बोटांकडं बघत राहिलो.

एक औषध मात्र अजून चालत होतं. तेवढंच, आजारी पक्ष्यांना, मोजकं, आणि पूर्ण होईपर्यंत. त्यानंतर पक्ष्याच्या अंगातलं औषध उतरायची सांगितलेली मुदत सरेपर्यंत एकही पक्षी विकायचा नाही. सणाची गिऱ्हाइकं दारात आली तेव्हा शेठ चुळबुळले, पण या वेळी त्यांनीच त्यांना परत पाठवलं.

बादली हळूहळू हलकी झाली. मग एका सकाळी मी शेडच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत गेलो, परत आलो, आणि बादलीत काहीच नव्हतं. विश्वास बसेना म्हणून पुन्हा फिरलो. कोंबड्या तूस उकरत होत्या, एकमेकींना टोचत होत्या, सगळा नुसता गलका. मी रिकामी बादली डोक्यावर घेऊन कुंपणापाशी नाचलो. मावशी म्हणाली, "वेडा झाला का रे?" आणि स्वतःच डोळे पुसायला लागली.

त्या आनंदात शेठनं आम्हा दोघांना गाडीनं असीरगढला नेलं. किल्ला चढताना मावशी माझ्या पुढं, शेठ सगळ्यांत मागं. वरून तापीचं खोरं दिसतं, केळीचा हिरवा पट्टा पार धुक्यात जातो. शेठ धापा टाकत म्हणाले, "अगली बॅच?" मी म्हणालो, "बिना पावडर." हिंदीत म्हणालो, बरं का.

आणि तशी झाली. पाइप स्वच्छ, तूस कोरडं, हवा खेळती, लस वेळेवर आणि टाकीत नुसतं पाणी. ती बॅच भरभरून वाढली. सिंधीपुऱ्यात शेठ आता येईल त्याला ऐकवतात, "हमारे यहाँ रोज की दवा बंद है!" जणू त्यांचीच युक्ती. ऐकवू देत. आजूबाजूचे दोन शेडवालेही बघून गेले.

आता सुट्टीला घरी आलोय. आजऱ्यात ओळखीच्या शेडवर जातो, टाकीपाशी खोकं दिसतं आणि मी न विचारता बोलायला लागतो. लोक हसतात, "बऱ्हाणपूरहून डॉक्टर होऊन आला!" हसू देत. पण एकानं काल पाइप उघडून पाहिला.

इंदूमावशी, तुझं नाव इथं छापून आलं तरी राणी परत येत नाही, हे मला कळतं. पण आमच्या परसात आता पिल्लं आहेत, विहिरीच्या पाण्यावरची. एक दिवस त्यांतली सगळ्यांत तगडी कोंबडी मांडीवर घेऊन मी भुसावळला गाडी बदलेन, रावेर मागं टाकेन आणि तुझ्या अंगणात सोडेन. नाव मात्र तूच ठेवायचं.